गच्चीवर गवत, गटाराला रजा!

माहीत आहे का? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमतं. हिशोब इतका सुटसुटीत की कॅल्क्युलेटरही नको!

आता तुमच्या सोसायटीची गच्ची घ्या. समजा ३०० चौरस मीटरची. तासाभरात ५० मिलिमीटरची सर कोसळली, तर या एका गच्चीवरून १५,००० लिटर पाणी खाली उतरतं. दहा हजार लिटरचे दीड टँकर! एप्रिलमध्ये ज्या टँकरसाठी सेक्रेटरींचा फोन तापलेला असतो, तोच टँकर जुलैत गच्चीवर येऊन फुकटात निघून जातो.

आणि २६ जुलै २००५? मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. आपल्या त्याच गच्चीचं गणित मांडा: २ लाख ८३ हजार २०० लिटर. अठ्ठावीस टँकर, एकट्या एका गच्चीचे! शहरात गच्च्या किती, ते तुम्हीच मोजा.

हे पाणी जातं कुठे? पाइपातून खाली, खालून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. नेमकी तेव्हाच भरती असली तर खाडीवर बोर्ड लागतो, ‘हाउसफुल्ल’. मग मुंबईची तुंबई! मुंबईच्या ब्रिटिशकालीन पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने आखलेल्या होत्या. २००५ च्या तडाख्यानंतर ती क्षमता ताशी ५० वर न्यायचं काम जोरात सुरू झालं. पण आभाळाने हा आकडा वाचलेला नाही ना!

मग करायचं काय? पाणी खाली येऊच द्यायचं नाही. निदान लगेच तरी नाही.

लेटमार्क हवाच!

शहरात पूर येतो तो बऱ्याचदा पाण्याच्या घाईमुळे. दिवसभरात निवांत आलेलं पाणी गटार आरामात रिचवतं. तेच पाणी वीस मिनिटांत धडकलं की मॅनहोलची झाकणं उडतात. काँक्रीटची गच्ची, तिच्यावर ठोकलेली पत्र्याची शेड, खालचं पेव्हर ब्लॉकचं अंगण, डांबरी रस्ता, सगळे मिळून पाण्याला एकदम सोडतात.

याउलट झाडं लावलेलं हिरवं छत पाण्याला थांबवतं. थोडं स्वतः पितं, थोडं हवेत सोडतं आणि उरलेलं सावकाश खाली पाठवतं. ऑफिसच्या दारात लेटमार्क वाईट. गटाराच्या दारात लेटमार्क लाखमोलाचा!

माहीत आहे का, मुंबईत हाच फंडा जमिनीखाली वापरलाय? हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी दरवर्षी टीव्हीवर झळकायचं. तिथलं पाणी साठवायला महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी टाकीत थांबतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. हिरवं छत हेच काम वरच्या मजल्यावर करतं, आणि त्यासाठी पंपही लागत नाही.

बरं, हिरवं छत म्हणजे स्लॅबवर माती टाकून गवत पेरणं? छे! खालून वर मोजा: वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा पडदा, मग पाणी वाहून नेणारा ड्रेनेजचा थर, माती गाळून धरणारं कापड, मग माती आणि सगळ्यात वर झाडं. मुळं अडवणारा पडदा विसरला तर काय होतं? जुन्या वाड्याच्या भिंतीतून डोकावणारा पिंपळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि ती ‘माती’ आपल्या ओळखीची माती नसतेच! विटांचा चुरा, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, भट्टीत भाजून फुगवलेल्या चिकणमातीच्या गोळ्या, आणि त्यात चवीपुरतं कंपोस्ट. वजनाला हलकी, पाण्याला भुकेली.

पाणी किती पितं म्हणाल, तर युरोप-अमेरिकेत केलेल्या मोजमापांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसलीय. दहा सेंटिमीटरच्या आसपास जाडीचं छत वर्षभरातल्या पावसापैकी साधारण निम्मं पाणी स्वतःकडेच ठेवून घेतं. कुठे थोडं कमी, कुठे बरंच जास्त. हलक्या सरींचा तर एक थेंबही पाइपात उतरत नाही.

मात्र तीन दिवस झड लागली की माती तुडुंब भरते आणि छत पुढचं पाणी सोडून देतं. ९४४ मिलिमीटरपुढे कुठल्याही छताने हात टेकले असते, हे खरं. पण दर पावसाळ्यात आपले रस्ते बुडवणारा पाऊस ९४४ चा नसतो. तासाभरात ५०-६० मिलिमीटर, झाली ट्रॅफिकची वाट! हिरव्या छताची खरी कमाई याच पावसात आहे.

पानांची नाइट शिफ्ट

माहीत आहे का, हिरव्या छताची सुपरस्टार वनस्पती कोण? सेडम! बुटकी, रसाळ पानांची. हिच्या पानांवरची छिद्रं चक्क रात्री उघडतात. बाकीची झाडं भर उन्हात श्वास घेता घेता पाणी गमावतात. सेडम टंचाईच्या काळात दिवसा दार लावून घेते आणि अंधारात कार्बन डायऑक्साइड गोळा करते. म्हणून महिनाभर पाऊस नसला तरी ती तग धरते.

आता यातली देशी गंमत ऐका. सेडमची एक चुलत बहीण आपल्या कुंडीत असते. पानफुटी! दोघी एकाच कुळातल्या. आणि या रात्रपाळीचा सुगावा भारतातच लागला होता. दोनशे वर्षांपूर्वी बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाला इथे दिसलं की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत आंबटपणा गायब होतो. रात्री साठवलेलं आम्ल पान दिवसा वापरून टाकतं, म्हणून ही चव बदलते. निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आलं. जिभेवर झालेलं संशोधन!

पण आपल्या चार महिन्यांच्या मुसळधार पावसात युरोपातल्या सेडमचे पाय कुजू शकतात. मग आपल्या छतावर काय लावायचं? उत्तर साताऱ्याच्या डोक्यावर आहे.

कासचं पठार! खाली कठीण जांभा खडक, वर माती कुठे बोटभर तर कुठे वीतभर. पावसाळ्यात चिंब, उन्हाळ्यात तवा. स्लॅबवरच्या झाडांना नेमकं हेच सोसावं लागतं. तरीही ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं असा काही थाट असतो की गाड्यांच्या रांगा लागतात. उघड्या खडकावरच्या वनस्पती छतासाठी निवडायच्या, ही कल्पना जगभरच्या संशोधकांनी उचलून धरलीय. आणि आपल्याकडे तर सह्याद्रीचे सडेच्या सडे पडलेत! (कासवर जाऊन रोपं उपटायची नाहीत हं. ते पठार सह्याद्रीच्या जागतिक वारशाचा भाग आहे. नर्सरीत बी वाढवायला कोणीतरी सुरुवात करायला हवी, आणि ती लवकर व्हावी असं मनापासून वाटतं.)

छपरावरचे पणजोबा

तुम्हाला वाटेल, ही नवी फॅशन. चला, थोडं मागे!

नॉर्वे, आइसलँड आणि फेरो बेटांवर शेकडो वर्षं घरांवर गवत वाढतंय. नॉर्वेत त्याखाली बर्च झाडाच्या सालीचे थर. ही साल सहजी कुजत नाही, म्हणजे फुकटचं वॉटरप्रूफिंग!

आपल्याकडे मराठवाडा-सोलापूरकडची माळवदं आठवा. लाकडी सऱ्यांवर मातीचं छत. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरायची, पन्हळी साफ करायच्या. आषाढात माळवदावर गवताची लव उगवायची. हेतू मात्र उलटा होता. तिथे पाणी झटकून टाकायचं असे आणि उगवलेलं गवत उपटावं लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्लिनमध्ये घरांच्या छपरांवर डांबर घालून, आगीपासून बचाव म्हणून वर वाळू-खडी पसरत. वाऱ्याने बिया आल्या, गवत रुजलं, कोणी बोलावलं नव्हतं तरी कुरण तयार झालं. १९८० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा अशी पन्नासेक छपरं शाबूत सापडली आणि गळतही नव्हती. कारण सोपं आहे. ऊन थेट लागलं नाही, तर डांबर तडकत नाही. गवताने छताचं आयुष्य वाढवलं होतं!

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. झुरिचच्या वोलिसहोफेन भागात तळ्याचं पाणी गाळणारा एक प्रकल्प आहे. १९१४ मध्ये त्याच्या छतावर जवळच्या शेतातली माती पसरली. कशासाठी? तर आत गाळलं जाणारं पाणी गार राहावं म्हणून. मातीबरोबर तिथल्या कुरणातल्या बियाही वर गेल्या. पुढच्या शंभर वर्षांत आजूबाजूला शेती बदलली, शहर पसरलं, मूळ कुरणं संपली. छतावरचं कुरण राहिलं! आज तिथे १७५ च्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत. त्यात ऑर्किडच्या नऊ जाती. त्यांपैकी काही त्या परिसरात जमिनीवर आता सापडत नाहीत. खाली नामशेष, वर मजेत!

आणि मुंबईकरांनो, माहीत आहे का, झुरिचच्याही आधी असा प्रयोग तुमच्याकडे झालाय? मलबार हिलचं हँगिंग गार्डन! म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. त्या हिरवळीवर पाव मुंबई लहानपणी बागडली असेल. पायाखाली काय आहे? दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय. १८८० च्या दशकातला, सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर क्षमतेचा. तुम्ही तिथे भेळ खात बसता ना, ते एका टाकीच्या छतावर! काही वर्षांपूर्वी हा जलाशय पाडून नवा बांधायचा बेत निघाला, तेव्हा झाडांसाठी रहिवासी उभे राहिले. मुंबईच्या सगळ्यात जुन्या हिरव्या छतांपैकी एक वाचवण्यासाठीच ती धडपड होती, असं म्हणायला हरकत नाही.

लंडनवाल्यांनी तर आणखी कमाल केली. केन्सिंग्टनमधल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या डोक्यावर १९३८ मध्ये दीड एकराची बाग उघडली. वर ओकची झाडं, झरा आणि चक्क फ्लेमिंगो!

पावसाचं बिल आलंय, भरता का?

पाणीपट्टी आपण भरतो. पण आपल्या छतावरून गटारात पाणी सोडल्याचं बिल? जर्मनीत येतं! अनेक शहरांत सांडपाण्याचं बिल दोन भागांत असतं. एक नळाच्या वापरावर, दुसरं तुमच्या आवारातल्या पाणी न मुरणाऱ्या जागेवर. बर्लिनमध्ये हा दर चौरस मीटरला वर्षाकाठी दीड-दोन युरोच्या घरात राहिलाय आणि हिरवं छत केलं तर त्या जागेचं बिल निम्मं. गवत लावा, डिस्काउंट मिळवा!

वॉशिंग्टन शहराने तर याचा बाजारच मांडला. २०१३ पासून तिथे पाणी अडवण्याचं ‘क्रेडिट’ विकत घेता येतं. एक गॅलन पाणी अडवण्याची सोय एक वर्षासाठी केली की एक क्रेडिट. ज्या बिल्डरला स्वतःच्या प्लॉटवर जागा नाही, तो दुसऱ्याच्या हिरव्या छताकडून क्रेडिट घेतो. शेअर बाजारात पाऊस!

नियमांचं म्हणाल, तर ही घ्या एका दमातली जगप्रदक्षिणा. टोकियोत २००१ पासून मोठ्या नव्या इमारतींना छताचा काही भाग हिरवा ठेवणं सक्तीचं. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये २००२ पासून नव्या सपाट छतांना तोच नियम. टोरांटोने २००९ मध्ये उपविधी केला, असं करणारं उत्तर अमेरिकेतलं पहिलं शहर. कोपनहेगन २०१०. फ्रान्सने नव्या व्यापारी इमारतींना पर्याय दिला: छतावर झाडं लावा, नाहीतर सोलर पॅनेल. (खरं तर दोन्ही एकत्र नांदतात. खाली हिरवळीचा गारवा असला की पॅनेल कमी तापतं, आणि कमी तापलेलं पॅनेल जास्त वीज देतं.)

कोपनहेगनचं नशीब बघा. नियम केला आणि पुढच्याच वर्षी परीक्षा! २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत जवळपास १५० मिलिमीटर पाऊस. आपल्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. डॅनिश गटारांना तो भूकंपच होता. नुकसान सुमारे सहा अब्ज क्रोनर. त्यानंतर शहराने २०१२ मध्ये ढगफुटीचा आराखडाच केला. सुमारे ३०० प्रकल्प: कुठे रस्त्यालाच पाण्याची वाट, कुठे बागेला तळ्याचा उतार, कुठे छतांवर हिरवळ.

त्याच शहरात कचरा जाळून वीज आणि उष्णता बनवणारा एक कारखाना आहे. माहीत आहे का, त्याच्या छतावर लोक काय करतात? स्कीइंग! कोपनहिलच्या उतरत्या छतावर २०१९ पासून घसरपट्टी सुरू आहे. बाजूला झाडीतून ट्रेकची वाट, आणि भिंतीवर ८५ मीटर उंच क्लाइंबिंग. खाली भट्टी, वर सुट्टी!

समुद्राच्या पलीकडे स्वीडनचं माल्मो. तिथल्या ऑगस्टेनबोर्ग वस्तीत तळघरांत पाणी शिरणं नेहमीचंच होतं. १९९८ पासून त्यांनी उलटी चाल खेळली. पाणी पाइपात लपवायचं सोडून उघड्या पाटांतून, तळ्यांतून घरांच्या मधोमध फिरवलं, आणि छतांवर बाग लावली. २००१ मध्ये तिथे छपरांवरचं वनस्पतिउद्यानही उघडलं. छप्पर बघायला लोक येतात!

अॅमस्टरडॅमवाले त्याहून स्मार्ट. २०१८ ते २०२२ दरम्यान तिथे ‘निळ्या-हिरव्या’ छतांचा प्रयोग झाला. झाडांच्या खाली पाण्याचा एक थर, आणि त्याला झडप. झडप हवामानाच्या अंदाजाशी जोडलेली! मोठी सर येणार असं कळलं की छत आधीच थोडं पाणी सोडून जागा रिकामी करतं. पाऊस नसला की तेच पाणी खालून झाडांना पाजतं. म्हणजे छतच हवामान खात्याचं बुलेटिन ऐकून कामाला लागतं!

रेकॉर्ड, रेकॉर्ड!

ट्रकचा कारखाना आणि पक्ष्यांचं घरटं? हो! अमेरिकेत डिअरबॉर्नला फोर्डच्या रूज कारखान्यावर १०.४ एकर सेडम पसरलीय. २००४ मध्ये गिनेस बुकाने जगातलं सगळ्यात मोठं हिरवं छत म्हणून तिची नोंद केली. लागवड झाल्यावर काही दिवसांतच टिटवीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांनी वर घरटी केली. खाली पिकअप, वर पिल्लं!

शिकागोच्या मिलेनियम पार्कात तुम्ही फोटो काढलाय का, त्या चकचकीत ‘बीन’ शिल्पासमोर? मग तुम्हीही छतावर उभे होतात. सुमारे २४ एकरांचं ते उद्यान रेल्वेमार्ग आणि पार्किंगच्या डोक्यावर आहे.

त्याच शिकागोत २००१ मध्ये सिटी हॉलचं छत हिरवं झालं. गंमत अशी, की ती इमारत अर्धी शहराची आणि अर्धी काउंटीची. एक अर्धं छत हिरवं, दुसरं काळंकुट्ट डांबरी. ऑगस्टच्या उन्हात मोजलं तर डांबरी बाजू सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि हिरवी बाजू कितीतरी थंड. विज्ञानाचा प्रयोग म्युनिसिपालिटीच्या डोक्यावर!

हा गारवाही पाण्याचाच. एक लिटर पाणी पानांतून वाफ होऊन उडतं, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत घेऊन जातं. जे पाणी गटारात धावलं असतं, ते आकाशात जाता जाता तुमचा एसी हलका करतं.

न्यूयॉर्कमध्ये पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी बहुतेक ठिकाणी एकाच नळीतून वाहतं. जोराचा पाऊस आला की दोन्ही मिळून थेट नदीत. म्हणून तिथे छताने अडवलेला प्रत्येक गॅलन मोलाचा. जाविट्स सेंटर या प्रदर्शन-संकुलाचं पावणेसात एकरांचं छत वर्षाला सत्तर लाख गॅलनपर्यंत, म्हणजे अडीच कोटी लिटरहून जास्त पाणी अडवतं. वर मधमाश्या, वटवाघळं आणि समुद्रपक्ष्यांची अख्खी वसाहत. एक्झिबिशन खाली, एक्झिबिशन वरही!

आणि ब्रुकलिनमधली भाजीची शेती? नेव्ही यार्डातल्या एका उंच इमारतीच्या डोक्यावर टोमॅटो, मिरच्या, पालेभाज्या पिकतात. वर्षाला दहा लाख गॅलनहून जास्त पाणी तिथे मुरतं. शेती उभी करायला मोठी मदत कोणी केली? कृषी खात्याने नाही, पावसाच्या पाण्याचा बंदोबस्त करणाऱ्या खात्याने! गटाराच्या बजेटमधून भाजी पिकली.

भातखाचरं, पाचव्या मजल्यावर

आता पाश्चात्त्यांना टाटा. आपल्यासारखा पाऊस जिथे पडतो, तिथे जाऊ. थायलंड!

बँकॉकही मुंबईसारखंच. सखल, दलदलीवर वसलेलं, खचत चाललेलं. तिथल्या कोटचाकोर्न वोराआखोम या लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी थम्मासात विद्यापीठाच्या छतावर २०१९ मध्ये भातशेती केली! २२,००० चौरस मीटरचं छत डोंगरासारखं उतरतं केलं आणि त्यावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं काढली. कोकणातून घाट चढताना आपण जी खाचरं बघतो, अगदी तोच आकार. पाणी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर वळणं घेत उतरतं, जाता जाता मातीत मुरतं आणि शेवटी खालच्या तळ्यांत जमा होतं. साध्या काँक्रीटच्या छताशी तुलना केली तर पाण्याचा वेग वीसपटीपर्यंत मंदावतो. वीसपट लेटमार्क! पिकलेला भात आणि भाजी जाते कॅम्पसच्या कँटीनमध्ये.

त्यांचंच दुसरं काम २०१७ चं, चुलालाँगकोर्न विद्यापीठाचं शताब्दी उद्यान. अकरा एकरांची बाग मुद्दाम तिरकी बांधलीय, तीन अंशांत. वरच्या टोकाला हिरवं छत, खालच्या टोकाला तळं. पडलेला पाऊस स्वतःच्या वजनाने चालत तळ्यात जातो. दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर पाणी तिथे थांबू शकतं. आणि तळ्यात काय ठेवलंय माहीत आहे का? सायकली! लोक पेडल मारून व्यायाम करतात, त्याने पाणी ढवळतं आणि त्यात हवा मिसळते. कॅलरी तुमची, ऑक्सिजन तळ्याचा!

मला थायलंडची ही दोन उदाहरणं बाकी सगळ्या रेकॉर्डांपेक्षा मोठी वाटतात. फोर्डचं छत बघून आपण ‘वा’ म्हणतो. थम्मासातचं छत बघून वाटतं, अरे, हे तर आपल्याला येतं! बांध घालणं, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडणं, भात लावणं, ही विद्या सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर घरोघरी आहे. ती फक्त जिन्याने वर जायची राहिलीय.

चटकन चार

जपानच्या फुकुओकात १९९५ पासून एक इमारत डोंगर बनून उभी आहे. एका बाजूने काचेचं ऑफिस, दुसऱ्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांचं जंगल. लावलेली झाडं ३५ हजार. पुढे पक्ष्यांनी बिया आणून त्यात भर घातली.

नेदरलँड्सच्या उट्रेख्तमध्ये ३१६ बसस्टॉपच्या डोक्यावर सेडम आहे. बसची वाट बघणारे खाली, मधमाश्या वर.

सिंगापूरने स्टॉपवर भागवलं नाही. २०१९ मध्ये दहा बसच्या टपांवरच बाग लावून बघितली. बागेतून बस नाही, बसवरच बाग!

विस्कॉन्सिनमधल्या सिस्टर बे गावातल्या एका स्वीडिश रेस्टॉरंटच्या गवताळ छपरावर बकऱ्या चरतात. आणि छपरावरच्या बकऱ्यांवर त्यांनी ट्रेडमार्क घेतलाय! दुसऱ्या कुणी ग्राहक ओढायला छपरावर बकरी चढवली की वकिलाची नोटीस.

आता तुमच्या गच्चीकडे

वाचता वाचता नर्सरीचा नंबर शोधायला लागलात? एक मिनिट! आधी वजन.

भिजलेली साधी काळी माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. म्हणजे नुसता दहा सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर. आणि वर माणसं जातात अशा सपाट गच्चीवर, भारतीय मानकांनुसार, माणसं आणि सामान मिळून धरलेला भार असतो चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. सगळं बजेट मातीनेच खाल्लं! वर सत्यनारायणाला शंभर माणसं आली तर? म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय एक घमेलंही वर नेऊ नका. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीत २०१६ मध्ये क्रीडासंकुलाचं हिरवं केलेलं छत कोसळलं. हॉलमध्ये त्या वेळी गर्दी नव्हती म्हणून मोठा अनर्थ टळला.

दुसरं, गळती. जुन्या ब्रिकबॅट कोब्याला केसाएवढीही भेग असेल तर ती माती टाकण्याआधी शोधा. गच्चीचे पाइप बुजवून, पाणी भरून काही दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना छताकडे लक्ष ठेवायला सांगायचं. माती टाकल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळी बाग उचलणं.

तिसरं, खत. भरमसाट खत घातलं तर पावसाबरोबर ते वाहून नाल्यात जातं आणि तिथलं शेवाळ माजतं. छताने पाणी अडवलं खरं, पण घाण करून सोडलं, असं व्हायला नको. बोटभर मातीतल्या झाडांना उपाशी राहायची सवय असते. तीच त्यांना मानवते.

आणि कुंड्यांची बाग? ती छानच! फक्त एक हिशोब लक्षात ठेवा. कुंडी पिते तो फक्त तिच्या तोंडात पडलेला पाऊस. दोन कुंड्यांमधली उघडी फरशी आपलं पाणी पूर्वीसारखंच पाइपात सोडते. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास कुंड्या ठेवल्या तरी झाकली जाते जेमतेम पाच-सात चौरस मीटर जागा.

सुरुवात छोटी हवी असेल, तर वॉचमनच्या केबिनचं छत बघा, पंपरूमचं बघा, पार्किंगच्या शेडच्या बाजूचा एखादा स्लॅब बघा. दहा चौरस मीटर, हलकी माती, आठ सेंटिमीटरचा थर. पहिल्या जोरदार सरीला खालच्या पाइपाच्या तोंडाशी बादली लावा, शेजारच्या तेवढ्याच उघड्या स्लॅबच्या पाइपाखाली दुसरी, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा. कुठली बादली किती उशिरा भरते, ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. पुढच्या जनरल बॉडीत हा विषय आपोआप अजेंड्यावर येईल!